४ विजय, १८ पराभव, तरी प्रशिक्षक कायम: डेट्रॉईट लायन्सचं प्रकरण

ऑक्टोबर २०२२ संपत आला होता. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या डेट्रॉईट लायन्स संघाच्या मालक शीला फोर्ड हॅम्प एरवी पत्रकारांशी फारसं बोलत नाहीत, पण त्या आठवड्यात त्या सरावाच्या ठिकाणी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. संघ त्या मोसमातल्या ६ पैकी ५ सामन्यांत हरला होता. आधीचा मोसम धरला तर मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांच्या खात्यात ४ विजय, १८ पराभव आणि १ बरोबरी. हॅम्प यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: आम्ही सगळं पाडून नव्याने बांधायला घेतलंय, त्याला वेळ लागतो, चाहत्यांइतकीच मीही वैतागले आहे, पण घाबरून जाऊन काही करायचं नाही.

मालकाने प्रशिक्षकाची अशी जाहीर पाठराखण केली की ऐकणारे उलटा अर्थ काढतात. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मंडळाने कर्णधारावर पूर्ण विश्वास व्यक्त केला की त्याचे दिवस भरले, असं आपण धरूनच चालतो. त्यात पुढच्याच रविवारी लायन्स मायामीकडून ३१-२७ असे हरले. १ विजय, ६ पराभव. कॅम्पबेल मात्र राहिले. त्यानंतरच्या १० सामन्यांपैकी संघाने ८ जिंकले, पुढच्या मोसमात ३० वर्षांनी विभागाचं, म्हणजे चार संघांच्या आपल्या गटाचं, विजेतेपद मिळवलं आणि २०२४ मध्ये साखळीतले १७ पैकी १५ सामने जिंकले.

निकाल ठाऊक असताना त्या निर्णयाला धीर म्हणणं सोपं आहे. पण हा धीर आहे की नुसता हट्ट, हे ओळखायला त्या ऑक्टोबरात हॅम्प यांच्या हातात काय होतं? माझ्या मते पुरेसं होतं. फक्त ते गुणतक्त्यात दिसत नव्हतं.

आधीचं थोडं

अमेरिकन फुटबॉलशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी तीन गोष्टी. एक, नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि २०२१ पासून प्रत्येक संघ साखळीत १७ सामने खेळतो. दोन, इथे तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. उलट वार्षिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला आधी हात घालायला मिळतो. ही निवडीची पाळी दुसऱ्या संघाला देऊन त्या बदल्यात खेळाडू घेता येतो किंवा उलटही करता येतं. तीन, चेंडू हाती असलेल्या संघाला १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. तीन फसले की बहुतेक प्रशिक्षक चौथ्यावर लाथ मारायला लावतात: खांब जवळ असतील तर फील्ड गोलचे ३ गुण, नाहीतर चेंडू शक्य तितका लांब. चौथाही प्रयत्न खेळून पाहिला आणि फसला, तर चेंडू जागच्या जागी प्रतिस्पर्ध्याकडे जातो. हा चौथा प्रयत्न या प्रकरणात सारखा येणार आहे.

आता लायन्स. हेन्री फोर्डचे नातू विल्यम क्ले फोर्ड यांनी १९६३ मध्ये हा संघ विकत घेतला. शेवटचं विजेतेपद त्याआधीचं, १९५७ चं. तेव्हापासून २०२३ चा मोसम उजाडेपर्यंत प्लेऑफमध्ये त्यांनी सामना जिंकला तो एकच, जानेवारी १९९२ मध्ये डॅलसविरुद्ध. २००८ मध्ये १६ पैकी १६ हरले. बॅरी सँडर्स आणि कॅल्विन जॉन्सन हे त्यांचे दोन असामान्य खेळाडू, दोघांनीही अंगात बळ असताना खेळ सोडला. १९३४ पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डेट्रॉईटला सामना होतो, त्यामुळे हे पराभव दरवर्षी सणाच्या दिवशी घरोघरी पाहिले जायचे. ट्रॉय, नोव्हाय, कँटन या डेट्रॉईटच्या उपनगरांत वाहन उद्योगातले बरेच मराठी अभियंते राहतात. तिथे वाढलेल्या मुलांना लायन्सची ही हार वारशात मिळाली म्हणायची.

त्यातला एक प्रसंग या प्रकरणाच्या मुळाशी आहे. जिम कॉल्डवेल यांनी २०१४ ते २०१७ या चार मोसमांत ३६ सामने जिंकून दिले, २८ गमावले. शेवटचे दोन्ही मोसम ९-७, म्हणजे ९ विजय, ७ पराभव. एवढं पुरत नाही म्हणून त्यांना काढलं. जनरल मॅनेजर बॉब क्विन न्यू इंग्लंड पेट्रियट्समधून आले होते. त्यांनी तिथलेच मॅट पॅट्रिशिया आणले. पेट्रियट्स तेव्हा सर्वांत यशस्वी संघ, तेव्हा त्यांची शिस्त, त्यांचे जुने खेळाडू आणि त्यांची पद्धत उचलून आणली की यशही येईल, असा हिशेब. पॅट्रिशियांचे आकडे निघाले १३ विजय, २९ पराभव, १ बरोबरी. नोव्हेंबर २०२० मध्ये थँक्सगिव्हिंगला ह्यूस्टनकडून ४१-२५ अशी हार झाली आणि दोनच दिवसांत पॅट्रिशिया आणि क्विन दोघंही गेले. काढणाऱ्या होत्या शीला हॅम्प. त्याच वर्षी जूनमध्ये आई मार्था फायरस्टोन फोर्ड यांच्याकडून त्यांनी कारभार हाती घेतला होता.

जानेवारी २०२१

मला विचाराल तर या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा महिना हाच. सामना एकही नव्हता.

जनरल मॅनेजर म्हणून ब्रॅड होम्स आले. ते लॉस एंजेलिस रॅम्ससाठी कॉलेजचे खेळाडू हेरण्याचं काम बघायचे. त्याच आठवड्यात कॅम्पबेल आले. एकाने दुसऱ्याला आणलं, असं यावेळी झालं नाही. लायन्सचा जुना लाइनबॅकर (बचावपटू) ख्रिस स्पीलमन याला हॅम्प यांनी या शोधात सामील करून घेतलं होतं, आणि होम्स व कॅम्पबेल यांनी जोडीने काम करायचं हे ठरवूनच दोघांना घेतलं गेलं. कॅम्पबेल यांच्याशी करार सहा वर्षांचा. नवख्या प्रशिक्षकाला एवढी मुदत देणं म्हणजे पहिली दोन वर्षं वाईट जाणार हे मालकाने लेखी मान्य करण्यासारखंच होतं.

कॅम्पबेल स्वतः टाइट एंड, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू, म्हणून बरीच वर्षं खेळलेले. त्यांतली २००६ ते २००८ ही लायन्समधली, म्हणजे ०-१६ च्या संघातही त्यांचं नाव होतं. मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव २०१५ मधल्या मायामीतल्या १२ हंगामी सामन्यांचा, ५ जिंकले ७ हरले. नंतर न्यू ऑर्लिन्समध्ये शॉन पेटन यांच्या हाताखाली. पहिल्या पत्रकार परिषदेत ते म्हणाले की आम्हाला कोणी खाली पाडलं तर उठता उठता आम्ही त्याच्या गुडघ्याची वाटी चावून काढू. देशभर हसं झालं. हा माणूस आरडाओरडा करणारा पहिलवान आहे, डावपेच याला झेपायचे नाहीत, असं बऱ्याच जाणकारांनी ठरवून टाकलं.

ज्यांनी त्यांचे सहायक कोण आहेत ते पाहिलं, त्यांना वेगळं दिसायला हवं होतं. ॲरन ग्लेन, ड्यूस स्टेली, अँटवान रँडल एल, मार्क ब्रुनेल, हँक फ्रेली: सगळे या लीगमध्ये खेळलेले. आणि ज्याने पुढे लायन्सचं आक्रमण घडवलं तो बेन जॉन्सन तर आधीच इमारतीत होता. पॅट्रिशियांच्या काळात आलेला हा कनिष्ठ सहायक. नवे प्रशिक्षक आले की जुन्यांची सफाई होते. कॅम्पबेल यांनी याला ठेवून घेतलं.

महिनाअखेर मोठा सौदा झाला. बारा वर्षं डेट्रॉईटला खेळलेला, अंगावर हाडं मोडून घेतलेला आणि प्लेऑफचा एकही सामना न जिंकलेला क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) मॅथ्यू स्टॅफर्ड रॅम्सकडे गेला. बदल्यात क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, २०२१ ची तिसऱ्या फेरीची निवड, आणि २०२२ व २०२३ च्या पहिल्या फेरीच्या निवडी. स्टॅफर्डने त्याच मोसमात रॅम्सला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला, तेव्हा डेट्रॉईट फसलं असंच वाटलं. गॉफकडे तर कोणी सौद्याचा भाग म्हणूनही पाहिलं नाही. रॅम्सने नको असलेलं ओझं सोबत लावून दिलं, असंच बोललं गेलं.

३-१३-१

पहिला मोसम आकड्यांत भयंकर दिसतो: ३ विजय, १३ पराभव, १ बरोबरी. तपशिलात तो वेगळा आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये बाल्टिमोरच्या जस्टिन टकरने शेवटच्या क्षणी ६६ यार्डांवरून लाथ मारली. चेंडू आडव्या दांडीवर आपटला आणि पलीकडे पडला. लीगच्या इतिहासातला तेव्हाचा सर्वांत लांब फील्ड गोल. १९-१७. दोनच आठवड्यांनी मिनेसोटाने ५४ यार्डांवरून तेच केलं आणि गुणही तेच, १९-१७. त्या दिवशी कॅम्पबेल पत्रकारांसमोर रडले. नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गशी १६-१६ अशी बरोबरी झाली. त्याच सुमारास आक्रमणाचे समन्वयक अँथनी लिन यांच्याकडून डाव पुकारण्याचं काम कॅम्पबेल यांनी स्वतःकडे घेतलं आणि बेन जॉन्सनच्या हातात जास्त गोष्टी येऊ लागल्या.

पहिला विजय ५ डिसेंबरला, बाराव्या सामन्यात. मिनेसोटाविरुद्ध लायन्स २३-२१ असे पुढे, चारेक मिनिटं उरलेली, चेंडू स्वतःच्याच २८ यार्डांच्या रेषेवर, आणि कॅम्पबेल यांनी चौथा प्रयत्न खेळायला लावला. गॉफच्या हातून चेंडू निसटला, मिनेसोटा २७-२३ ने पुढे गेलं. मग अखेरच्या खेळीत गॉफने ११ यार्डांवरून आमोन-रा सेंट ब्राऊनला पास दिला आणि २९-२७. हा सेंट ब्राऊन चौथ्या फेरीत, ११२ व्या क्रमांकावर निवडलेला. त्याच्याआधी निवडलेल्या सोळा रिसीव्हरांची (पास झेलणाऱ्या खेळाडूंची) नावं तो आजही घडाघडा म्हणून दाखवतो. त्या आठवड्यात मिशिगनमधल्याच ऑक्सफर्ड गावच्या शाळेत गोळीबार झाला होता. विजयाचा चेंडू कॅम्पबेल यांनी त्या गावाला अर्पण केला.

०-१०-१ वरून पुढच्या सहा सामन्यांत तीन विजय. ज्या संघाने प्रशिक्षकावरचा विश्वास गमावलेला असतो तो डिसेंबरात असं खेळत नाही. पॅट्रिशियांच्या शेवटच्या दिवसांतले लायन्स आठवावेत, म्हणजे फरक कळतो.

१४० विरुद्ध १४१

आता तो २०२२ चा ऑक्टोबर. पहिल्या चार सामन्यांत लायन्सने १४० गुण केले आणि १४१ दिले. फिलाडेल्फियाकडून ३८-३५, मिनेसोटाकडून २८-२४, सिअ‍ॅटलकडून ४८-४५ अशा तीन हारी आणि वॉशिंग्टनवर ३६-२७ असा एक विजय. सर्वाधिक गुण करणारा आणि सर्वाधिक गुण देणारा संघ त्या वेळी एकच होता.

हे वाचायचं कसं? बेन जॉन्सन आता आक्रमणाचे समन्वयक झाले होते आणि ज्या गॉफला रॅम्सने सोडून दिलं त्याच्या हातून ३५ गुण सहज होत होते. सातव्या क्रमांकावर निवडलेला पेनेई सूएल आक्रमणाच्या फळीत पाय रोवून उभा होता. बचाव कोवळा होता. मिशिगनमध्येच वाढलेला एडन हचिन्सन, ड्राफ्टमधली दुसरी निवड, जेमतेम दीड महिना खेळला होता. रॅम्सकडून आलेली पहिल्या फेरीची एक निवड लायन्सने जेमिसन विल्यम्ससाठी वापरली होती, पण तो गुडघ्याच्या दुखापतीतून सावरत होता. दुसरी निवड अजून यायची होती. म्हणजे सौद्यातला मोठा हिस्सा मैदानावर उतरलाच नव्हता. मग न्यू इंग्लंडने २९-० आणि डॅलसने २४-६ असं धुतलं, तेव्हा मात्र आक्रमणही आटलं आणि बाहेरचा धीर सुटला.

हॅम्प यांचं वक्तव्य यानंतरचं. मायामीकडून हरल्यावर कॅम्पबेल यांनी बचावफळीच्या मागच्या रांगेचे प्रशिक्षक ऑब्री प्लेझंट यांना काढलं. दुसऱ्या दिवशी होम्स यांनी संघाचा प्रमुख टाइट एंड टी. जे. हॉकेनसन याला मिनेसोटाला देऊन टाकलं, तेही विभागातल्याच प्रतिस्पर्ध्याला. ७ पैकी ६ हरलेला व्यवस्थापक नोकरी वाचवायला बघत असेल तर तो चांगला खेळाडू धरून ठेवतो. भविष्यातल्या निवडींसाठी तो सोडणं त्यालाच जमतं, ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू याची खात्री असते. मालकाच्या त्या चार वाक्यांचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

पुढच्या रविवारी ग्रीन बे १५-९. मग शिकागो, न्यूयॉर्क जायंट्स, जॅक्सनव्हिल, मिनेसोटा. ८ जानेवारी २०२३ च्या रात्री शेवटचा सामना ग्रीन बेच्या मैदानावर होता. दुपारीच सिअ‍ॅटल जिंकल्यामुळे लायन्स प्लेऑफमधून बाद झाले होते आणि हे त्यांना माहीत होतं. ग्रीन बे मात्र जिंकलं की आत जाणार होतं. लायन्स २०-१६ ने जिंकले, शेवटी घड्याळ संपवायला चौथ्या प्रयत्नावर पास टाकून. मोसम ९-८.

२८ जानेवारी २०२४

२०२३ च्या ड्राफ्टवर होम्स यांची टिंगल झाली: बाराव्या क्रमांकावर रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा खेळाडू) कोण घेतं? रॅम्सची सहावी निवड ॲरिझोनाला देऊन त्यांनी जी जुळवाजुळव केली, तिच्यातून जमीर गिब्स आणि सॅम लापोर्टा आले. लापोर्टाने पहिल्याच वर्षी ८६ झेल घेतले. नवख्या टाइट एंडसाठी तो तेव्हाचा विक्रम ठरला. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात कॅन्सस सिटीच्या विजेत्या संघाला त्याच्याच मैदानावर २१-२० हरवलं, तेही स्वतःच्या १७ यार्डांवरून चौथ्या प्रयत्नात लाथ मारायचं सोंग करून पळत. १२-५, विभागाचं विजेतेपद, आणि प्लेऑफच्या पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धी कोण, तर स्टॅफर्डचे रॅम्स. फोर्ड फील्डवर लोकांनी स्टॅफर्डची हुर्यो उडवली आणि गॉफच्या नावाचा घोष केला. २४-२३. बत्तीस वर्षांनी प्लेऑफमधला विजय. मग टँपा बेला ३१-२३ हरवलं आणि सुपर बोल एका सामन्यावर आला.

सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला लायन्स २४-७ ने पुढे होते. २४-१० असताना सॅन फ्रान्सिस्कोच्या २८ यार्डांवर चौथा प्रयत्न, २ यार्ड हवे. लाथ मारली असती तर साधारण ४६ यार्डांचा फील्ड गोल. कॅम्पबेल खेळले, जॉश रेनॉल्ड्सच्या हातून चेंडू सुटला. थोड्याच वेळात लायन्सच्या बचावपटूच्या शिरस्त्राणावर आदळून उडालेला चेंडू ब्रँडन आयुकने ५१ यार्डांवर झेलला. लगेच गिब्सच्या हातून चेंडू निसटला. चौथ्या सत्रात २७-२४ असे मागे असताना ३० यार्डांवर पुन्हा चौथा प्रयत्न, पुन्हा लाथ नाही, पुन्हा फसला. शेवट ३४-३१.

दुसऱ्या दिवसापासून अमेरिकेत वाद झाला तो या दोन निर्णयांवर. कॅम्पबेल म्हणाले, पश्चात्ताप नाही. मला ते पटतं. तीन वर्षं हा माणूस हेच करत होता. चौथा प्रयत्न सर्वांत जास्त वेळा खेळणाऱ्या संघांत लायन्स कायम वर होते. याच धाडसाने त्यांना तिथवर आणलं, आणि रेनॉल्ड्सच्या हातात आलेला चेंडू राहिला असता तर त्याच निर्णयावर स्तुतिसुमनं पडली असती. माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे, आणि त्यावर फार कमी बोललं गेलं. शेवटचं मिनिट उरलेलं, १० गुणांनी मागे, गोलरेषा एका यार्डावर, आणि तिसऱ्या प्रयत्नावर त्यांनी पास न टाकता पळण्याचा डाव घेतला. तो अडला, घड्याळ थांबवायला राखून ठेवलेला टाइमआउट खर्च झाला, आणि टचडाउननंतर, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेल्यावर, तो परत मिळवायची आशा एका आखूड किकवर टांगली. तिथे धाडस नव्हतं, गणित चुकलं होतं.

सामन्यानंतर त्यांनी खेळाडूंना सांगितलं की कदाचित ही आपली एकमेव संधी असेल, पुढच्या वर्षी इथवर येणं दुप्पट कठीण जाईल.

त्यानंतर

२०२४ च्या एप्रिलमध्ये ड्राफ्टचा सोहळा डेट्रॉईटला झाला. ज्या शहराने २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती, तिथे तीन दिवसांत ७,७५,००० हून अधिक लोक आले. गॉफशी चार वर्षांचा, २१ कोटी २० लाख डॉलरचा नवा करार झाला. मोसम १५-२. पण ऑक्टोबरात डॅलसला ४७-९ हरवताना हचिन्सनचा पाय मोडला, त्यानंतर बचावातले खेळाडू एकामागून एक जायबंदी होत गेले, आणि जानेवारीत प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनने ४५-३१ हरवलं. लायन्सने पाच वेळा चेंडू गमावला, त्यातला एक जेमिसन विल्यम्सने पास टाकायच्या फसव्या डावात.

चारच दिवसांत बेन जॉन्सन शिकागोचे आणि ॲरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५ च्या दुसऱ्याच सामन्यात लायन्सने जॉन्सनच्या शिकागोला ५२-२१ असं लोळवलं. तरी मोसमाअखेर विभाग शिकागोने जिंकला. लायन्सचं आक्रमण मध्येच अडखळू लागलं तेव्हा कॅम्पबेल यांनी २०२१ प्रमाणेच डाव पुकारण्याचं काम नव्या समन्वयकाकडून स्वतःकडे घेतलं. मोसम ९-८, प्लेऑफ नाही. कॉल्डवेल यांना ९-७ वर निरोप मिळाला होता. कॅम्पबेल यांना यावेळीही कोणी हात लावला नाही.